छातीतलं पाणी काढलं; ते तपासायला कुठं गेलं?

'फुफ्फुसात पाणी झालंय म्हणतात, काढू द्यायचं का?' 'पाणी काढलं, रिपोर्टमध्ये काहीच आलं नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू केल्यात. घ्यायच्या का?' 'पाणी नव्हे, पू निघाला म्हणे. आता ऑपरेशनच लागणार का?'

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली. त्या काळात आणि नंतरही, कोल्हापुरातून, गारगोटी-राधानगरीकडून, निपाणी-चिकोडीकडून हेच तीन प्रश्न मला सतत विचारले गेले. विचारणाऱ्यांच्या हातात एक्स-रे असतो, सीटी स्कॅन असतो, औषधांच्या बिलांची चळत असते. पण 'काढलेलं पाणी कोणकोणत्या तपासण्यांना पाठवलं?' असं मी विचारलं की बहुतेकांना सांगता येत नाही. उपचारांची पुढची दिशा मात्र त्याच उत्तरावर ठरते. म्हणून हा लेख मुख्यतः त्या पाण्याबद्दल आहे.

आधी एवढं समजून घ्या

बोलताना आपण 'फुफ्फुसात पाणी' म्हणतो. खरं तर हे पाणी फुफ्फुसाच्या आत नसतं. फुफ्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये दोन पातळ पडदे असतात, त्यांच्या मधल्या फटीत ते साठतं. निरोगी माणसाच्या या फटीत जेमतेम दोन-चार चमचे पाणी असतं. न्यूमोनिया झाला की तिथं जास्त पाणी पाझरू लागतं. त्यात जंतू शिरले की पाणी गढूळ होतं, मग घट्ट होतं, आणि शेवटी त्याचा पू होतो. डॉक्टर याला 'एम्पायमा' म्हणतात.

हा बदल कधीकधी आठवड्याभरातसुद्धा होतो. पाणी पातळ असताना ते सुईने किंवा बारीक नळीने निघतं. आत जाळ्या धरल्या की निघत नाही. न्यूमोनियाचं औषध सुरू होऊन तीन दिवस झाले, तरी ताप उतरत नसेल, श्वास घेताना एका बाजूला सुरी खुपसल्यासारखं दुखत असेल किंवा धाप वाढत असेल, तर 'अजून दोन दिवस बघू' म्हणू नका. पुन्हा एक्स-रे आणि छातीची सोनोग्राफी करून घ्या. अशा पाण्यासाठी सोनोग्राफी फार उपयोगी पडते. पाणी किती आहे, त्यात जाळ्या आहेत का, सुई कुठे घालायची, हे तिच्यातच दिसतं.

पाणी प्रत्येक वेळी जंतूंमुळेच होतं असंही नाही. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत थकलं तरी पाणी साठतं, आणि कर्करोगानेही. हे ओळखण्यासाठी १९७२ पासून जगभर 'लाइट' यांचे निकष वापरतात. त्यात पाण्यातली आणि रक्तातली प्रथिनं आणि एलडीएच नावाचं विकर (एन्झाइम) यांची तुलना होते. म्हणून पाणी काढतात त्याच दिवशी रक्तही घेतात. 'पाणी घेतलं, आता रक्त कशाला?' अशी कुरकुर करू नका.

सुई घालण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

जंतू कुठून आला असेल, याचे धागे तुमच्या रोजच्या जगण्यात असतात. डॉक्टरांना ओपीडीच्या गर्दीत सगळं विचारायला वेळ मिळतोच असं नाही. म्हणून पुढच्या गोष्टी तुम्ही आपणहून सांगा:

- मधुमेह आहे का. साखर किती दिवसांत तपासलेली नाही, हेही सांगा. या आजारात साखर बेकाबू असणं हा मोठा धोका आहे.
- दात. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, मिश्री, तंबाखू. तोंडात हवेशिवाय वाढणारे जंतू असतात. झोपेत, फिट आल्यावर किंवा दारूच्या नशेत ते श्वासनलिकेत उतरतात. छातीतल्या दुर्गंधी पुवामागे अनेकदा तेच असतात.
- काम. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरात फाउंड्रीत काम केलं असेल तर किती वर्षं केलं ते सांगा. वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की क्षयरोगाचा धोका वाढतो.
- चिखल. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या भागांत भाताची लावण चिखलात उभं राहून होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत हजारो लोक गढूळ पाण्यातून चालले. माती-पाण्यात राहणारा 'बर्कहोल्डेरिया' नावाचा एक जंतू आहे. त्याच्यामुळे होणाऱ्या मेलिऑइडोसिसचे रुग्ण शेजारच्या किनारी कर्नाटकात नियमित सापडतात. त्यांतले बरेचसे पावसाळ्यात, आणि बरेचसे मधुमेही. हा आजार हुबेहूब टीबीसारखा दिसतो. प्रयोगशाळेला आधी कल्पना दिली नाही तर हा जंतू 'बाहेरून आलेला' समजून बाजूला टाकला जाण्याची भीती असते.
- यकृत. आधी उजव्या बरगडीखाली दुखत होतं का, लिव्हरला गळू झालंय असं कुणी सांगितलं होतं का. अमिबाचं गळू फुटून छातीत उतरलं तर चॉकलेटी रंगाचा पू निघतो. त्याचं कल्चर केलं, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिले, तरी काहीच उगवत नाही, कारण तो जंतू साध्या कल्चरमध्ये वाढणाऱ्यांतला नाही.
- आधी घेतलेली औषधं. गावातल्या दवाखान्यात घेतलेली इंजेक्शनं, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, सगळं सांगा. रिकाम्या पट्ट्या फेकू नका, पिशवीत घालून घेऊन या. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं टीबीच्या जंतूलाही थोडीफार दाबतात. मग टीबी असूनही चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं.

नमुना: सगळं बिघडतं ते इथं

या भागावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथं झालेली चूक नंतर भरून काढता येत नाही.

एकदा एक आजोबा नमुना घेऊन प्रयोगशाळेत आले. आदल्या दिवशी संध्याकाळी काढलेलं पाणी, सलाइनच्या अर्धवट कापलेल्या बाटलीत, वर प्लॅस्टिक आणि रबर. रात्रभर त्यांनी ते घरच्या फ्रिजच्या दारात दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलं होतं. सकाळी पहिल्या एसटीने, मांडीवर धरून, टॉवेलात गुंडाळून आणलं. जिवापाड सांभाळून आणलं होतं, यात शंकाच नाही. आम्ही ते लावलं. तीन प्रकारचे जंतू उगवले. त्यांतला छातीतला कोणता आणि बाटलीतला कोणता, हे सांगायला काही मार्ग नव्हता. रुग्णाला औषध सुरू होऊन पाच दिवस झाले होते, त्यामुळे पुन्हा नमुना घेण्यातही फारसा अर्थ उरला नव्हता. आजोबांची यात काही चूक नव्हती. डबा कोणता, वेळ किती, फ्रिज चालेल का, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पाणी काढलं जाण्याआधी पुढच्या गोष्टी नम्रपणे, पण स्पष्टपणे विचारून घ्या:

१. कल्चरसाठी वेगळी निर्जंतुक डबी आहे का? ती सीलबंद असते. आधी उघडून बघू नका, धुऊ नका, आत बोट घालू नका.

२. ब्लड कल्चरच्या बाटल्यांत पाणी घालणार का? याने फार फरक पडतो. या बाटल्यांत जंतूंसाठी अन्न भरलेलं असतं. रुग्णाच्या खाटेजवळच सिरिंजमधून थोडं पाणी त्यांत सोडलं, तर जंतू सापडण्याची शक्यता साध्या डबीपेक्षा बरीच वाढते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, २०११ मध्ये, ही वाढ सुमारे २० टक्के दिसली. दोन बाटल्या असाव्यात: एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी, दुसरी हवेशिवाय वाढणाऱ्यांसाठी. खर्च थोडा वाढतो, तो करण्यासारखा आहे. साध्या डबीतलं पाणीही पाठवायचंच, कारण सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची ग्राम स्टेनची तपासणी त्यावर होते.

३. इतर नळ्या. पेशी मोजण्यासाठी जांभळ्या टोपणाची, साखरेसाठी राखाडी टोपणाची, प्रथिनं-एलडीएच-एडीएसाठी साधी. टीबीच्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीसाठी वेगळा भाग. कर्करोगाची शंका असेल तर पेशीतपासणीसाठी भरपूर पाणी, ५० मिलिलिटरच्या आसपास. एक लिटर पाणी काढून त्यातलं पाच मिलिलिटर पाठवलं आणि बाकीचं ओतून दिलं, असं होऊ देऊ नका.

४. पीएच बघणार का? पाणी पुवासारखं नसेल, तर नळी टाकायची की नाही हे ठरवायला पीएच सर्वांत उपयोगी पडतो. तो हेपरिन लावलेल्या सिरिंजमधून लगेच रक्तवायूच्या मशीनवर मोजावा लागतो. ती सोय नसेल तर पाण्यातली साखर बघतात. ढोबळमानाने पीएच ७.२ किंवा कमी, किंवा साखर ६० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर पाणी आपोआप जिरेल अशी आशा धरत नाहीत.

५. रक्ताचं कल्चरही घेणार का? दर वेळी काही मिळत नाही, पण पाण्यात जंतू सापडला नाही तरी कधीकधी रक्तात सापडतो.

नमुना तुम्हालाच न्यायला सांगितला, तर तासा-दोन तासांत पोहोचवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हात गाडीच्या डिकीतही ठेवू नका. प्रयोगशाळेची वेळ आधी फोन करून विचारा. शनिवारी रात्री नेलेला नमुना सोमवारपर्यंत तसाच पडून राहायला नको. डबीवर रुग्णाचं नाव, तारीख, वेळ, 'उजवी' की 'डावी' बाजू आणि 'छातीतलं पाणी' हे शब्द आहेत ना, ते स्वतः वाचा. सोबतच्या फॉर्मवर कोणतं प्रतिजैविक कधीपासून चालू आहे, हे लिहून घ्या.

आणखी तीन चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्यात.

फॉर्मेलिन. पडद्याचा तुकडा काढून तपासणार असतील, तर एक भाग फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये जायला हवा. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. सगळा तुकडा त्यात बुडवला, तर टीबीचं कल्चर कायमचं हातचं गेलं. तुकडा काढण्याच्या दिवशी सकाळीच विचारा: 'सलाइनमध्येही एक तुकडा ठेवाल ना?'

नळीच्या बाटलीतलं पाणी. छातीत नळी टाकून चार दिवस झाल्यावर खालच्या बाटलीतून किंवा पिशवीतून नमुना घेतला, तर त्यात त्या बाटलीचेच जंतू सापडतात. त्यावर विसंबून भारी औषधं सुरू होतात.

आधी औषध, मग नमुना. रुग्ण गंभीर असेल, रक्तदाब पडत असेल, तर औषधाला एक तासही उशीर करायचा नाही; तिथं डॉक्टरांना अडवू नका. पण रक्ताचं कल्चर घ्यायला पाच मिनिटं पुरतात, आणि सुईने थोडं पाणी काढायलाही फार वेळ लागत नाही. शक्य असेल तिथं हे आधी व्हावं.

रिपोर्ट कधी येतो, कसा वाचायचा

- ग्राम स्टेन: त्याच दिवशी.
- साधं कल्चर आणि कोणतं औषध चालेल याची सेन्सिटिव्हिटी: साधारण दोन ते चार दिवस. हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंना जास्त.
- सीबीनॅट: मशीनवर सुमारे दोन तास, रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी.
- टीबीचं द्रव माध्यमातलं कल्चर: ४२ दिवसांपर्यंत.

ही वाट बघणं घरच्यांना असह्य होतं, हे मला कळतं. पण जंतू वाढायला जेवढा वेळ घेतो, तेवढा घेतोच. न्यूमोकोकस रक्तमिश्रित लालसर माध्यमावर रात्रभरात उगवतो. सकाळी झाकण उचलून उजेडाकडे धरलं, की प्रत्येक ठिपक्याभोवती हिरवट वलय दिसतं. जरा जुना झाला की ठिपका मधोमध दबतो, कॅरमच्या सोंगटीसारखा. क्लेबसिएलाच्या वसाहती चिकट, शेंबडासारख्या, सुईबरोबर तार ओढत येतात. हवेशिवाय वाढणाऱ्यांच्या नमुन्याचं टोपण काढलं, की वासच आधी सांगतो. पण त्यांना बंद बरणीत, प्राणवायू काढून टाकून, अनेक दिवस ठेवावं लागतं. ही सोय प्रत्येक प्रयोगशाळेत नसते. म्हणून पुवाला दुर्गंधी असेल तर ते फॉर्मवर आवर्जून लिहायला सांगा.

'नो ग्रोथ' म्हणजे 'जंतू नाहीत' असं नव्हे. नेहमीच्या पद्धतीने केलेल्या कल्चरमध्ये दर दहांतल्या जवळपास चार रुग्णांत काहीच उगवत नाही. आधीची औषधं, उशीर, कमी नमुना किंवा हट्टी जंतू, यांपैकी काहीही कारण असू शकतं. अलीकडे अशा पुवातला जंतूंचा डीएनए थेट वाचण्याचे अभ्यास झाले. त्यांत बहुतेक नमुन्यांत एकापेक्षा जास्त जातींचे जंतू एकत्र नांदताना सापडले. म्हणूनच कल्चरमध्ये एकच जंतू सापडला तरी डॉक्टर कधीकधी हवेशिवाय वाढणाऱ्यांसाठीचं औषध चालू ठेवतात. 'रिपोर्टमध्ये नाही, मग हे इंजेक्शन का?' असं विचारलंत, तर बहुधा हेच उत्तर मिळेल.

सेन्सिटिव्हिटीच्या तक्त्यात 'एस' म्हणजे औषध चालण्यासारखं, 'आर' म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही. इथं एक खाचखळगा आहे. ॲमिकासिन, जेंटामायसिन यांच्यापुढे 'एस' असला, तरी ही औषधं छातीतल्या पुवात नीट पोहोचत नाहीत आणि आम्लधर्मी पुवात निकामी होतात. त्यामुळे तक्ता बघून स्वतः औषध निवडू नका, मेडिकलवाल्याला निवडू देऊ नका. मात्र एक प्रश्न जरूर विचारा: 'कल्चरचा रिपोर्ट आला, आता औषधात काही बदल करायचा का?' तो येऊन फाईलमध्ये तसाच राहिला, तर एवढी खटपट वाया गेली.

टीबी की दुसरा जंतू? एडीएचा घोळ

माझ्या मामांच्या बाबतीत हेच झालं. ताप, छातीत दुखणं, उजवीकडे पाणी. सुईने काढलं. एडीए, म्हणजे पाण्यातलं एक विकर, वाढलेलं आलं, आणि त्या एका आकड्यावर टीबीची औषधं सुरू झाली. कल्चर पाठवलंच नव्हतं. उरलेलं पाणी बेसिनमध्ये गेलं. सहा आठवडे मामा गोळ्या घेत होते आणि वाळत होते. दुसऱ्या ठिकाणी नेलं तेव्हा बाजू पुवाने भरली होती. पू लावला, स्ट्रेप्टोकोकस उगवला. तोवर फुफ्फुसावर जाड साल चढली होती, ती शस्त्रक्रियेने काढावी लागली. पहिल्याच दिवशी त्या पाण्यातल्या पेशी मोजल्या असत्या, तर हे टळलं असतं असं मला आजही वाटतं.

गोम अशी आहे. आपल्याकडे टीबी खूप आहे. पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त असतील आणि एडीए ४० च्या वर असेल, तर टीबीची शंका रास्तच आहे. पण जंतूंमुळे झालेल्या पुवातही एडीए वाढतं, कधीकधी टीबीपेक्षाही जास्त. तिथं न्यूट्रोफिल पेशींचा भरणा असतो. म्हणून एडीएचा आकडा पेशींच्या आकड्यासोबतच वाचायचा. पाण्यात न्यूट्रोफिल जास्त आणि साखर फार कमी असताना केवळ एडीएवर टीबीचा शिक्का बसत असेल, तर थांबून दुसरं मत घ्या.

उलट बाजूही तितकीच खरी. छातीच्या पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही, असं म्हणता येत नाही. पॉझिटिव्ह आलं तर मात्र त्यावर भरवसा ठेवता येतो, शिवाय रिफाम्पिसिन चालेल का तेही कळतं. शंका उरलीच, तर दुर्बिणीतून पडद्याचा तुकडा घेणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. गोव्यात बनणारं ट्रूनॅट हे बॅटरीवरही चालणारं मशीन छोट्या केंद्रांतही असतं.

टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत, खासगी डॉक्टरांकडे उपचार घेत असाल तरीही. टीबी ठरला तर त्याची नोंद निक्षय पोर्टलवर करणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नोंद झाली की पोषणासाठी दरमहा १००० रुपये थेट खात्यात मिळतात; नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. निक्षयची मोफत मदतवाहिनी १८०० ११ ६६६६ आहे.

नळी, औषध की दुर्बीण

पातळ, स्वच्छ पाणी असेल आणि पीएच-साखर चांगली असेल, तर नुसत्या औषधावर भागू शकतं. पू असेल, जंतू दिसले असतील किंवा पीएच घसरला असेल, तर नळी टाकावी लागते. पू कोंडलेला असताना नुसती भारी इंजेक्शनं देत राहणं म्हणजे दिवस आणि पैसा दोन्ही घालवणं.

नळी टाकल्यावर घरच्यांनी सांभाळायच्या गोष्टी:

- बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली. रुग्ण शौचालयात जाताना ती उचलून खाटेवर ठेवू नका.
- श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतं. ते अचानक थांबलं तर नर्सला सांगा; नळी दबली, अडली असेल किंवा फुफ्फुस पूर्ण फुगलं असेल.
- स्वतः चिमटा लावू नका, बाटली ओतू नका. रोज किती आलं ते लिहून ठेवा.
- श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं उपकरण शोभेला ठेवू नका. त्यात हवा आत ओढायची असते, बाहेर फुंकायची नसते.

नळी टाकूनही ताप आणि पाणी हटत नसेल, तर दोन पर्याय उरतात. एक, नळीतून जाळ्या विरघळवणारं औषध सोडणं. दोन, दुर्बिणीतून जाळ्या काढणं. कोणता कुणाला, हे रुग्णाचं वय, ताकद आणि जवळची सोय यांवर ठरतं. माझं म्हणणं एवढंच, की छातीच्या शल्यविशारदाचं मत पाच-सात दिवसांच्या आत घ्यावं. तीन आठवड्यांनी साल जाड झाल्यावर दुर्बिणीचं काम मोठ्या छेदावर जातं.

प्रतिजैविकं दोन ते सहा आठवडे लागतात. ताप गेला म्हणून दहाव्या दिवशी बंद करू नका.

घरात जे बोललं जातं

'एकदा पाणी काढलं की पुन्हा पुन्हा भरतं.' पाणी भरतं ते आजारामुळे, सुईमुळे नाही. 'सगळं एकदम काढा.' नाही, एका वेळी साधारण दीड लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत, कारण दबलेलं फुफ्फुस झटक्यात उलगडलं तर त्यालाच सूज येते.

'भात, केळं, वांगं, दही बंद, पू वाढतो.' हे तर घरोघरी ऐकू येतं, आणि याने रुग्णाचं खरंच नुकसान होतं. पुवातून रोज प्रथिनं वाहून जात असतात. त्यात त्याला नुसत्या पेजेवर ठेवलं तर तो भरून कसा येणार? डाळ, अंडी, दूध, दही, मासे, चिकन जे चालत असेल ते द्या. पांढरा रस्साही चालतो. मधुमेह असेल तर साखर सांभाळून.

लहान मुलांत हा आजार बहुतेकदा न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकसमुळे होतो. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रांत मोफत मिळते. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात. नातवाचं लसकार्ड काढून बघा.

कुठं जायचं, पैशाचं काय, हक्क कोणते

कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. कदमवाडीत डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयाचा फायदा असा, की तिथं सूक्ष्मजीवशास्त्राचा स्वतःचा विभाग असतो; नमुना वॉर्डातून थेट टेबलावर जातो. छोट्या खासगी रुग्णालयात असाल तर नमुना नेमक्या कोणत्या प्रयोगशाळेत जातो आणि किती वेळात, हे विचारा. तो पुण्या-मुंबईला जाणार असेल तर निदान ग्राम स्टेन इथंच करून घ्या.

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटा; नळी, शस्त्रक्रिया यांपैकी काय बसतं ते विचारा. शस्त्रक्रिया झाल्यावर धावपळ करून बहुधा काही मिळत नाही, मंजुरी आधी लागते. मदतवाहिनी १५५३८८. सीमाभागातल्या ८६५ गावांना ही योजना देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आहे. निपाणी-बेळगावकडच्या वाचकांनी त्यासाठी कोणते कागद लागतात याची चौकशी करावी.
- धर्मादाय रुग्णालये: नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.
- कागदपत्रं: लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांच्या नोंदींची प्रत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कल्चरचा मूळ रिपोर्ट, पेशींचा आकडा, एडीए आणि सीटीची सीडी मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावरचं 'छातीत पाणी, उपचार केले' एवढं वाक्य पुढच्या डॉक्टरांना पुरत नाही.
- बिल आणि दुसरं मत: बिल थकलं म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. दरपत्रक दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, त्याने कुणाचा अपमान होत नाही.
- संमतीपत्र: मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. कशासाठी, कोणते धोके, दुसरा पर्याय काय, हे तीन प्रश्न पुरतात.

घरी गेल्यावर

चार ते सहा आठवड्यांनी एक्स-रे काढा. बरगडीपाशी थोडी जाडसर रेष राहिली तरी घाबरू नका, अनेकांची महिन्यांनी विरते. पुन्हा ताप, रात्री घाम, वजन घटणं, धाप असं काहीही दिसलं तर तारखेची वाट बघू नका. दात दाखवून घ्या; मुळातला किडका दात तसाच ठेवून छाती बरी करण्यात अर्थ नाही.

आणि पाणी काढलं त्या दिवसापासून ४२ दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करा. टीबीच्या कल्चरचा रिपोर्ट तोवर येतो. तेव्हा रुग्ण घरी असतो, फाईल माळ्यावर गेलेली असते, डॉक्टरही पुढच्या रुग्णात असतात. प्रयोगशाळेतल्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात असे न्यायला कुणी न आलेले रिपोर्ट मी गठ्ठ्याने पाहिलेत, आणि त्यांतले काही पॉझिटिव्ह होते. पावती जपून ठेवा, त्या तारखेला फोन करा, आणि तो कागद स्वतः जाऊन घेऊन या.